कडुलिंबाखालचा जनरेटर

८ एप्रिल
आज जेसीबी आला. शेडच्या मागे खड्डा खणला, साडेचार हजार कोंबड्या त्यात गेल्या. वर चुना, वर माती. शेडवरचा माझा गडी रुपराव तोंडाला दुपट्टा बांधून पोती रिकामी करत होता. मी मोजत उभा होतो आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

आमची शेड बंद पद्धतीची आहे. एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला सहा मोठे पंखे. पंखे हवा ओढतात म्हणून आतला पक्षी जगतो. परवा भर दुपारी लाइट गेली ती चाळीस मिनिटांनी आली. पंधराव्या मिनिटाला पहिल्या कोंबड्या चोच उघडी ठेवून पडल्या. आम्ही दोघांनी दारं उघडली, पाणी मारलं, पण बाहेरच त्रेचाळीस डिग्री, तर आत काय होणार?

तीस वर्षं मी बुटीबोरीच्या गिरणीत मेंटेनन्सला होतो. संघपालला मशीन बिघडायच्या आधीच कळतं, असं तिथे म्हणायचे. आणि माझ्याच शेडवर जनरेटर नव्हता. पुढच्या बॅचला घेऊ, पुढच्या बॅचला घेऊ, असं करत दोन बॅच काढल्या. माझी मलाच लाज वाटते आहे.

सिंधूला नागपूरच्या घरी, इंदोऱ्याला, फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जीव होते ते. तुमच्या भरोशावर होते." बायको असं बोलली की जेवण जात नाही.

गिरणीत प्रत्येक मशीनची वही असायची. चालू किती वाजता, बंद किती वाजता, शेरा काय. तशीच ही डायरी आजपासून लिहिणार आहे. फरक इतकाच, की इथे मनातलंही लिहीन.

१३ एप्रिल
नागपुरात दोन दुकानं पाहिली. दोघांनीही नवा, आवाज न करणारा, पेटीत बंद असलेला जनरेटर दाखवला. पोरगेलेसे सेल्समन मला केव्हीए म्हणजे काय ते समजावत होते. ऐकून घेतलं.

शेवटी एका लॉनवाल्याने विकायला काढलेला पंचवीस केव्हीएचा जुना घेतला. लग्नाच्या सीझनपुरता चालायचा, म्हणजे इंजिन झिजलेलं नाही. सोबत खाप्याचा पिंटू मेकॅनिक होता. नावावर जाऊ नये, पन्नाशीचा माणूस आहे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. आवाज एकसारखा.

पिंटू म्हणाला, "काका, रिकामं इंजिन तं सगळंच गोड वाजते. लोड देऊन पाहा ना."

मी म्हटलं, "तू जन्मलाही नसशील तेव्हापासून मी कानाने इंजिन ओळखून राहिलो."

हे खोटं आहे, त्याच्यात आणि माझ्यात दहा-बारा वर्षांचंच अंतर असेल.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आलो. सिंधू पांढऱ्या साडीत होती. गर्दीत माझा हात धरून चालली. चाळीस वर्षांत असा हात तिने चार-पाचदा धरला असेल.

तिथेच तिला विचारलं, फार्मवर राहायला येशील का. एकट्या रुपरावच्या भरोशावर शेड सोडता येत नाही हे आता कळलं आहे. ती म्हणाली, "उन्हाळा सरू द्या, मंग येतो." मी म्हटलं, उन्हाळ्यातच गरज आहे. ती माझा हात न सोडता चालत राहिली. म्हणजे येणार.

२० एप्रिल
जनरेटर बसला. जागेचा खूप विचार केला. शेडजवळ ठेवला तर पिसं आणि भुसा फिल्टरमध्ये जातो. फाटकाजवळ ठेवला तर बॅटरी एका रात्रीत गायब होते, या भागात हा धंदाच आहे. म्हणून आमच्या राहत्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला लागून ओटा बांधला. दुपारी तिथे घराची सावली पडते, वर कडुलिंब आहे. इंजिनला सावली मिळाली तर ते माणसासारखंच जास्त टिकतं.

धुराचं तोंड आधी शेडकडे होतं. पाखरांची छाती नाजूक, त्यांना धूर चालत नाही. मी ते तोंड वळवून घराच्या बाजूला केलं.

पिंटू म्हणाला, "हे असं नोका ठेवू काका. दहा फुटी पाइप लावा, छपराच्या वर काढा धूर. हा सायलेन्सरही जॉइंटमध्ये फुसफुस करून राहिला."

पाइप आणला आहे. वेल्डिंग मीच करणार, बाहेरच्याचा हात मला पटत नाही. तोवर जॉइंटवर दोरी गुंडाळून वर पुट्टी लावली.

दहा मिनिटं चालवला. शेरा: ठीक.

४ मे
सकाळी साडेचार हजार पिल्लं आली. मुठीत मावणारी, पिवळी. सिंधूही आली, दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि बुद्धांची मूर्ती घेऊन. रुपराव लगेच, "ताई आल्या, आता शेडले घरपण आलं." मी इतके महिने होतो तेव्हा काय गोठा होता?

तिच्यासाठी कूलर घेतला. मोठा, लोखंडी, तिन्ही बाजूंना खस. पूर्वेच्या खिडकीत बसवला, कारण नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की कूलर सावलीच्या बाजूला बसवायचा. उन्हातली हवा ओढणारा कूलर वाफच फेकतो. शिवाय जनरेटरवरून खोलीला एक वेगळी लाइन ओढून दिली. लाइट गेली तरी हिचा कूलर चालू राहील. असं दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याने केलं असेल तर दाखवा, म्हटलं. हसली.

९ मे
दुपारी एक ते अडीच लाइट नव्हती. मी अंगणातच होतो. अर्ध्या मिनिटात जनरेटर चालू, चेंजओव्हरचा खटका फिरवला, पंखे फिरले. मी आणि रुपराव दीड तास शेडमध्ये फिरत होतो. एकही पिल्लू गेलं नाही. एप्रिलपासून छातीत काहीतरी अडकून बसलं होतं, ते आज जरा मोकळं झालं.

सिंधू दुपारी कूलरसमोर झोपली होती. उठली ती डोकं धरून. "टाळूवर दगड ठेवल्यासारखं होऊन राहिलं."

"ऊन लागलं असन," मी म्हटलं.

"मी तं बाहेर पायच नाही ठेवला."

पन्हं करून प्यायली. संध्याकाळी बरी होती.

चालू १.०५. बंद २.३०. शेरा: ठीक.

१३ मे
लोड आल्यावर इंजिन काळा धूर टाकतं. ताकद लागते तेव्हा टाकणारच. फिल्टर काढून झटकला. पिंटूला फोनवर सांगितलं तर म्हणतो, झटकून भागत नाही, बदला. त्याचा साडू स्पेअर पार्ट विकतो, म्हणून बदला.

आज दोन तास लाइट नव्हती. सिंधूने शेडमधली चार अशक्त पिल्लं खोक्यात घालून खोलीत आणली होती, कूलरजवळ गारव्याला. चारही मेली. शेडमध्ये एकही नाही. अशक्त होती ती जायचीच, पण सिंधू फार हळहळली. तिला पुन्हा डोकेदुखी, वर उलटी.

पिल्लं रुपरावने नेऊन पुरली. परत येऊन म्हणाला, "भाऊ, कूलरची खस काळी काहून पडून राहिली?" बोट लावून पाहिलं. काजळी होती. समोरच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक दिवसभर जातात. खस धुवायला सांगितली.

चालू १२.४०. बंद २.४५. शेरा: ठीक.

१७ मे
आज भांडण झालं. लिहायला बरं वाटत नाही, पण डायरी आहे तर लिहितो.

दुपारी लाइट गेली, मी जनरेटर चालू करून शेडकडे निघालो तर सिंधू खोलीबाहेर येऊन कडुलिंबाच्या पलीकडे, उन्हात, बाजेवर बसलेली. म्हणाली, "आत वास येते. जीव घाबरते माहा."

मी म्हटलं, डिझेलच्या मशीनला अत्तराचा वास येणार आहे का. म्हटलं, चव्वेचाळीस डिग्रीत बाहेर बसशील तर मरशील. म्हटलं, तुला इथे राहायचंच नाही, इंदोऱ्याच्या मैत्रिणी आठवतात, म्हणून हे रोजचं ढोंग.

ढोंग हा शब्द रुपरावसमोर निघाला. तो खाली बघत शेडमध्ये निघून गेला.

सिंधू उठली, आत गेली, कूलरसमोर आडवी झाली आणि तोंडावर पदर घेतला. मी दार लोटून घेतलं, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

चालू १.३०. बंद २.२०. शेरा: ठीक.

२१ मे
सिंधूला लेकीकडे, भावनाकडे सोडून आलो. परवा बुद्ध पौर्णिमा आहे, विहारात खिरीची तयारी हिच्याशिवाय होत नाही. गाडीवर मागे बसून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. म्हणजे राग गेला असावा.

२५ मे
घेऊन आलो. पाच दिवसांत एकदाही डोकं दुखलं नाही, असं भावनाने मुद्दाम सांगितलं. "बाबा, आईले डॉक्टरले दाखवा तरी."

मी म्हटलं, "दुखलं नाही ना? मंग डॉक्टर काय पाहीन? दुखणं डोक्यात नाही, मनात आहे तिच्या."

सिंधू ऐकत होती. पिशव्या उचलून गाडीजवळ जाऊन उभी राहिली. रितिका, आमची नात, सहा वर्षांची, तिच्या कमरेला मिठी मारून रडत होती. शाळा लागायच्या आधी तिला आठ दिवस फार्मवर आणायचं कबूल केलं तेव्हा सुटली.

२७ मे
सेहेचाळीस डिग्री. खिशात कांदा ठेवून फिरतो आहे. पाखरं मोठी झाली, अंगाने गरम, एक क्षण पंखा थांबून चालत नाही. पाइप अजून अंगणात आडवा पडला आहे. रुपरावने त्याला शेळी बांधली आहे. या उन्हात वेल्डिंग कोण करणार? पाऊस पडला की करू.

आज रुपराव शेडमध्ये असताना मी अर्धा तास खोलीत पडलो, जनरेटर चालूच होता. उठलो तर डोकं जड आणि पाय लटपटत होते. उन्हाने माझीही वाट लावली आहे.

सिंधू म्हणाली, "आता तुमचंही ढोंग होय का?" थट्टेने म्हणाली. दोघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

चालू १२.५०. बंद २.१५. शेरा: ठीक.

३० मे
सिंधू गेली.

३ जून
लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

त्या दिवशी अकरा वाजता वावटळ आली आणि लाइनीवर झाड पडलं. लाइट चार तास नव्हती. मी आणि रुपराव शेड सोडून हललो नाही. मध्ये एकदा खोलीच्या दारापर्यंत आलो होतो. कूलरचा आवाज येत होता, म्हणजे झोपली आहे, झोपू दे म्हटलं. तीन वाजता लाइट आली. जनरेटर बंद करून चहा मागायला गेलो.

कुशीवर होती. चेहरा गुलाबी, लग्नातल्यासारखा. मला वाटलं, आज हिला छान झोप लागली.

सावनेरच्या डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. त्या आठवड्यात सगळीकडे तेच चाललं होतं, त्यांनी फार काही विचारलं नाही. मीही नाही. पण मला एक समजत नाही. कूलर पूर्ण वेळ चालू होता. मी स्वतः लाइन ओढून दिली होती. खोली गार होती. मग उष्माघात कसा?

चार तासांत शेडमध्ये एकही पक्षी मेला नाही. लोकांनी हे मला सांत्वन म्हणून सांगितलं.

३० मेची नोंद राहिली होती. चालू ११.१०. बंद ३.०५. शेरा लिहिता येत नाही.

६ जून
काल इंदोऱ्याच्या विहारात पुण्यानुमोदन झालं. भंतेजी अनित्यतेवर बोलले. मी शेडचा विचार करत होतो, याची शरम वाटते.

भावनाने सांगितलं की ती आणि रितिका माझ्यासोबत येणार. "तुमाले एकटं नाही सोडत मी. पाखरं विकली की घरी चला." बारा तारखेला कंपनीची गाडी माल उचलायला येणार आहे. तोवर हो म्हटलं.

८ जून
पोरी आल्या. खोली पुन्हा भरली. सिंधूची शिलाई मशीन रितिकाने गाडी म्हणून चालवायला घेतली आहे. मी कूलरची खस बदलली, नवी वासाची घातली. दोघींची गादी कूलरच्या अगदी समोर टाकली. लेकीला आणि नातीला काही कमी पडू देणार नाही.

११ जून
नागपूरच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. संध्याकाळचे सात वाजलेत. डायरी खिशात कशी आली माहीत नाही.

आज दुपारी एक वीसला लाइट गेली. जनरेटर चालू केला. भावना जेवून आडवी झाली होती. रितिका दाराच्या उंबऱ्यात खेळत होती. मी आणि रुपराव शेडमध्ये. पाखरं अडीच-अडीच किलोची झालेली, उद्या जाणार होती.

अडीच वाजून गेले असतील. रितिका शेडच्या दाराशी आली. अनवाणी, तापलेल्या मातीवरून. एका हाताने डोकं धरलेलं.

"आजोबा, माझं डोकं दुखून राहिलं. आणि आई उठत नाही."

मी म्हणायला तोंड उघडलं होतं की ऊन लागलं असेल. तेच वाक्य जिभेवर आलं होतं. मग मला तिचा हात दिसला. सिंधू हात तसाच ठेवायची, टाळूवर, पालथा.

धावलो. खोलीत नव्या खसचा वास होता आणि त्याच्याखाली तो दुसरा वास. भावना कुशीवर, चेहरा गुलाबी. हाका मारल्या, ती फक्त घशातून काहीतरी बोलली. तिला काखेत धरून ओढत बाहेर काढलं, कडुलिंबाच्या पलीकडे, जिथे त्या दिवशी सिंधू उन्हात बसली होती तिथे. मागे वळलो तर समोर सगळं एका रांगेत दिसलं. धुराचं तोंड, त्याच्यापासून दोन हातांवर कूलरची पाठ, तीन दिवसांतच काळी पडलेली नवी खस. जनरेटर धूर सोडत होता आणि कूलर तो ओढून आत देत होता. दोन्ही मशीन चोख काम करत होती. मी बसवली होती.

मी जनरेटर बंद केला.

भावनाला उलटी झाली, तिने डोळे उघडले. रुपराव शेडमधून पळत आला. "भाऊ, पंखे थांबले! ताईले मी पाहतो, तुमी सुरू करा! सुरू करा ना गा!"

त्याचं बरोबर होतं. खोली रिकामी होती, कूलरची वायर ओढली असती की झालं, मशीन चालवायला काही हरकत नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा हात त्या चावीकडे गेला नाही. मी ओट्यावर बसून राहिलो, रितिकाला मांडीवर घेऊन. रुपराव स्वतः चालू करायला गेला तेव्हा मी चावी काढून खिशात घातली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग शेडची दारं उघडायला पळाला. आतला आवाज आधी वाढला. मग कमी कमी होत गेला. मी ऐकत होतो, चांगला कान आहे माझा.

रुपरावच्या भावाच्या गाडीतून इथे आणलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, घरात कोळसा, जनरेटर, असं काही होतं का. म्हणाल्या, धुरातल्या विषारी वायूने चेहरा लाल होतो, माणूस झोपेतच जातो, लेक आणखी थोडा वेळ आत राहिली असती तर कठीण होतं. विचारलं, "आधी कोणाला डोकेदुखी, उलट्या असा त्रास झाला होता का?"

मी डायरी काढून त्यांच्यापुढे धरली. नऊ मे, तेरा मे, सतरा मे. त्यांनी दोन पानं वाचली आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली.

भावनाला ऑक्सिजन लावला आहे. आता बोलते आहे. रितिका शेजारी झोपली आहे, मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरतो. भावनाने अजून आईबद्दल विचारलं नाही. विचारेल. सतरा मेचं पान मी फाडणार नाही, तिला वाचायला देणार आहे.

रुपरावचा फोन आला होता. फक्त म्हणाला, "भाऊ, जेसीबीवाल्याले सकाळचं सांगू का?" हो म्हटलं.

जनरेटर चालू १.२०. बंद २.३५.
शेरा: सिंधू खरं सांगत होती.